झाडूनं झाडता येईल असा गालिचा

हडपसर, २४ जुलै २०००

ती. स्व. अनंतकाका यांस,
शि. सा. नमस्कार.

दुकानावर तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुम्ही "गिऱ्हाईक आहे" म्हणून ठेवून दिलात. आत्या म्हणाली, गिऱ्हाईक नसलं तरी ते हेच सांगतात. तू पत्र लिही, पत्राला उत्तर दिल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. म्हणून लिहिते आहे. पुण्यातून पुण्यात पाठवायचं म्हणताच पोस्टातल्या बाईंनी पत्ता दोनदा वाचला.

अकोल्याहून आले तेव्हा महिनाभर तुमच्याकडे होते. त्या महिन्यात तुम्ही मला सतरंजी आणि जाजम यांतला फरक समजावला होता. तेवढ्या भांडवलावर आता मला एका अख्ख्या मजल्याचा गालिचा ठरवायचा आहे. इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत मी अ‍ॅडमिन ऑफिसर आहे, म्हणजे संगणक सोडून सगळं माझ्याकडे: खुर्च्या, चहा, बस, दिवे, बंद पडलेली लिफ्ट. आमचे डायरेक्टर जयसिंग सर (त्यांना नुसतं 'जयसिंग' म्हणायचा कंपनीचा नियम आहे, पण माझ्या तोंडून 'सर' निघतंच) नुकतेच अमेरिकेत राहून आले. तिथल्या ऑफिसात माणसं चालतात पण पावलं वाजत नाहीत, हे त्यांच्या मनात भरलंय. आमच्याकडे फरशी, आणि फरशीवर सगळ्यांच्या चपला बोलतात. तर आता भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा.

खरी अडचण पुढेच आहे. सफाईला आमच्याकडे पाच बायका आहेत, इथल्याच गावठाणातल्या. ज्या रानात त्या खुरपायला जायच्या तिथेच आता आमची बिल्डिंग आहे. द्वारकामावशी त्यांच्यातल्या मोठ्या. रोज झाडतात, ओल्या फडक्यानं पुसतात. गालिचा आला की फरशी संपली, आणि फरशी संपली की या पाच जणीही संपल्या. एक मशीनवाली कंपनी टपूनच बसली आहे. यंत्रं तिची, माणसंही तिची.

जयसिंग सर वाईट नाहीत. म्हणाले, "झाडू-फडक्यानं साफ होणारा गालिचा मिळत असेल तर राहू देत या बायका. पण मला जाणकाराचं लेखी हवं."

काका, असतो का असा गालिचा? असला तर कुठल्या धाग्याचा? द्वारकामावशींना मी शब्द देऊन बसले आहे की तुमची नोकरी जाऊ देणार नाही.

आत्याला नमस्कार.
नम्रता


शनिवार पेठ, ३० जुलै

चि. नम्रता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ते येईपर्यंत माझं जेवण अडलं होतं हे तुझ्या आत्याचं म्हणणं खोटं आहे. त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी होती आणि ती मी दोनदा घेतली.

हडपसरहून पत्र आलं हे योग्यच झालं. आमच्या लेखी स्वारगेटच्या पलीकडे परगाव सुरू होतं.

आता गालिचा. लोक गालिचा रंगावरून घेतात, जसं घर गॅलरीवरून घेतात. पायाखाली येतो तो रंग नसतो, धागा असतो. लोकरीबद्दल मला आदर आहे. ठिणगी पडली तर काळी पडते पण भडकत नाही, हवेतली ओल घेते आणि परत देते. पण हिला कसर लागते, आणि हिचा भाव ऐकला की तुझे जयसिंग सर पुन्हा अमेरिकेला निघून जातील. पॉलिएस्टर दुकानात फार देखणं दिसतं. साखरपुड्यातल्या मुलासारखं. वर्षभरानं बघवत नाही.

ऑफिसांत जगभर चालतो तो नायलॉन. त्याचा गुण असा की तो दबतो आणि परत उठतो. दिवसभर त्याच्यावरून मंडळी गेली तरी सकाळी हा पुन्हा ताठ उभा. हा धागा मराठी मध्यमवर्गानं काढला असावा असा मला दाट संशय आहे. अवगुण म्हणजे रंग पितो. चहा, लोणचं, हळद, जे सांडेल ते आपलंच समजून पोटात घेतो. आणि थंडीत हवा कोरडी पडली की अंगात वीज साठवून ठेवतो. दाराच्या मुठीला हात लावला की माणूस उडतो. तुमच्याकडे संगणक आहेत, म्हणजे मधून कार्बनचा तंतू ओवलेला नायलॉन घ्यावा लागेल. माझ्या मते तोच घे. पण त्याला रोज यंत्र लागतं.

उरलं पॉलिप्रॉपिलीन. नाव लांब, किंमत आखूड. हा धागा पाणी पीत नाही. रंग धागा ओततानाच आत घातलेला, त्यामुळे मागाहून दुसऱ्या कुणाचा रंग त्याच्यावर चढत नाही. ओलं फडकं फिरवलंस तरी बिघडत नाही, मात्र खालची पाठ तागाची नको, ती कुबट वास मारते. दोष असा की एकदा दबला की दबला. खुर्ची ओढत नेली तर घासून वितळल्यासारखा चट्टा पडतो तो वेगळाच.

झाडू-फडक्यानं साफ होणारा म्हणशील तर हा एकच. मी सुचवत नाही. तू विचारलंस म्हणून सांगितलं.

कळव: खुर्च्यांना चाकं आहेत का? माणसं जोडे घालून आत येतात का? चहा जागेवर पितात का? बाहेर रस्ता डांबरी की मातीचा? वर्षात कुठले समारंभ होतात? गालिचा घेताना त्याच्यावर काय काय घडणार हे आधी विचारावं, असं माझे वडील सांगत. त्यांच्या काळी बहुतेक मुंजी घडत.

तुझा,
अनंतकाका


हडपसर, ७ ऑगस्ट

ती. स्व. काका,
शि. सा. नमस्कार.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं.

खुर्च्यांना चाकं आहेत, आणि आमचे प्रोग्रॅमर उठून चालत जाण्याऐवजी खुर्चीसकट जातात. रस्ता अर्धा डांबरी, अर्धा आश्वासन. चहा जागेवरच. एक जण कीबोर्डवर सांडतो, बाकीचे खाली.

जोड्यांची मात्र गंमतच आहे. गालिचा येणार ही नुसती बातमी पसरली आणि नमुन्याचा एक तुकडा मीटिंगच्या खोलीत टाकला, तर दुसऱ्या दिवशी त्या खोलीबाहेर जोड्यांची रांग! कुणी सांगितलं नव्हतं. बंगळूरहून एक साहेब आले होते, ते बिचारे पँटच्या खाली मोजे घालून उभे, आणि एका मोज्याला भोक. जयसिंग सर ओरडले, "अरे, हे देऊळ आहे का?" त्यावर आमचा एक टीम लीडर म्हणाला, "सर, पाय पुसून आलो तरी आत जाववत नाही." आता सक्तीनं जोडे घालायला लावणारी नोटीस मला काढावी लागणार.

समारंभ म्हणाल तर खंडेनवमी. संगणकांची पूजा होते. हळद, कुंकू, झेंडू, नारळाचं पाणी. एकेका मॉनिटरला टिळा. गेल्या वर्षी सर्व्हरच्या खोलीत उदबत्ती लावली म्हणून धुराची घंटा वाजली होती.

म्हणून मी ठरवलंय: पॉलिप्रॉपिलीन. हळद चढत नाही, फडकं चालतं, आणि पाच जणी राहतात. दबला तर दबू दे. नायलॉनचं सगळं बरोबर आहे, पण त्याच्याबरोबर यंत्र येतं आणि यंत्राबरोबर ती कंपनी. परवा त्यांचा माणूस डेमो द्यायला आला होता. द्वारकामावशींनी त्याच्या हातून ते यंत्र घेतलं आणि हॉलभर फिरवत सुटल्या, अगदी मागच्या भिंतीपर्यंत. त्यांच्या मैत्रिणी पदर तोंडाला लावून हसत होत्या. आम्हीही हसलो. त्यांना ते खेळणंच वाटलं असणार.

तुम्ही लेखी द्याल ना? सरांना तुमच्या दुकानाच्या कागदावर हवंय.

नम्रता


शनिवार पेठ, १४ ऑगस्ट

चि. नम्रता हिस,
अनेक आशीर्वाद.

सोबत प्रमाणपत्र जोडलं आहे. दुकानाच्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी. त्यात म्हटलं आहे की, आखूड, न कापलेल्या धाग्याच्या फासांचा, थेट फरशीला चिकटवलेला, कृत्रिम पाठीचा पॉलिप्रॉपिलीनचा गालिचा दररोज ताठ ब्रशनं घासून व पिळलेल्या फडक्यानं पुसून साफ ठेवता येतो, त्यास यंत्राची गरज नाही.

'गरज नाही' हे शब्द लिहिताना पेन जरा अडलं. पण तू शब्द देऊन बसलीस आणि मी तुझा काका पडलो.

खराटा वापरू नका, त्याच्या काड्या फासांत अडकून धागे उपसतात. केरसुणीला तर हा गालिचा भीकच घालणार नाही. नारळाच्या काथ्याचा किंवा नायलॉनचा हातब्रश, मूठभर रुंदीचा. दाराकडून भिंतीकडे, एका दिशेनं, पट्ट्यापट्ट्यानं घासत जायचं. वेळ लागेल, पण पाच जणी आहेत म्हणतेस.

देवळाचा प्रश्न मला जास्त आवडला. जिथे पायातलं काढावंसं वाटतं ती जागा ऑफिस नसावी हे तुझ्या सरांना ठाऊक दिसतं. आमच्या पिढीला ऑफिसात शिरताना जोडे काढावेसे कधीच वाटले नाहीत; झिजतील अशी भीती मात्र वाटायची.

तुझी आत्या म्हणते, खंडेनवमीला बोलावलंस तर येईन. मी येणार नाही. हत्यारांच्या पूजेत संगणक बसतो की नाही हे आधी ठरू दे.

अनंतकाका


हडपसर, १६ ऑक्टोबर

ती. स्व. काका,
शि. सा. नमस्कार.

दोन महिने पत्र नाही याबद्दल रागावू नका. तुमच्या दुकानातून आलेला गालिचा बसला! करडा, मधे निळा ठिपका. पावलं वाजायची थांबली. जयसिंग सर पहिल्या दिवशी उगाचच हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन चकरा मारून आले. तुमचं प्रमाणपत्र त्यांनी वाचलं, म्हणाले, "जुन्या माणसांचं हे बरं असतं, सरळ लिहितात," आणि पाच जणींचा प्रश्न मिटला.

खंडेनवमीला आत्या आली होती, सांगितलंच असेल. हळदीची अख्खी वाटी उपडी झाली. द्वारकामावशींनी फडकं मारलं आणि डाग गेला! मी तुमच्या नावानं पेढा खाल्ला.

पण एक गोष्ट मला उमगत नाही. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला त्या बायका खूश दिसत नाहीत. पूर्वी सकाळी मला बघून हसायच्या, "बाई, च्या झाला का?" विचारायच्या. आता मान खाली घालून ब्रश घासत असतात. दोघी तर सोडूनच गेल्या. कुठे, तर मार्केट यार्डात कांदे निवडायला! पंख्याखालचं काम सोडून कांदे. त्यांच्या जागी नव्या आल्या, त्याही चार दिवसांत गेल्या. द्वारकामावशींना विचारलं तर म्हणाल्या, "ज्याची त्याची मर्जी."

खरं सांगू? थोडं वाईट वाटलं. माणसासाठी काही करावं आणि त्यानं त्याची साधी दखलही घेऊ नये. आपल्याकडे कामाची किंमत नाही म्हणतात ते खरंच असावं.

दिवाळीला येते. चिवडा आत्याच्या हातचा.

नम्रता


शनिवार पेठ, २१ ऑक्टोबर

चि. नम्रता हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी दोन दिवस टाळलं. तुझी आत्या टाळू देईना.

खंडेनवमीहून ती घरी आली ती न बोलता. तेहतीस वर्षांच्या संसारात असं झालं की मी आधी वीज गेली आहे का ते बघतो. मग जेवताना तिनं विचारलं, "नम्रताला तुम्ही काय काय विचारलं होतंत हो, गालिचा घेताना?" मी अभिमानानं सांगितलं: चाकं, जोडे, चहा, रस्ता, समारंभ. ती म्हणाली, "आणि गुडघे?"

तुमची पूजा आणि पेढे चालले होते तेव्हा ही मागे जिन्याशी द्वारकाबाईंजवळ जाऊन बसली होती. तिच्या तोंडून ऐकलेलं जसंच्या तसं देतो, कारण मी सुधारून लिहिलं तर ते माझं होईल.

द्वारकाबाई म्हणाल्या: "फरशी हुती तवा बरं हुतं. ओलं फडकं टाकलं की आपुआप सरकायचं, अंग हलकं जायचं. आता ही गोधडी घासायची. उकिडवं बसा, घासा, वाईच सरका, परत घासा. सांजच्याला उटाया येत न्हाय. शेवंता गेली, तिचं काय कांद्यावर प्रेम न्हाय. तिथं पाटावर बसाया मिळतंय."

आत्यानं विचारलं, "मग मशीनवाले आले असते तर नोकरी गेली असती की."

तर म्हणाल्या, "त्या मशीनवाल्यानं माज्या हातात दांडा दिला. म्या उभ्यानं हाल झाडला. उभ्यानं! आमच्यात झाडू मारायचा तर वाकून, पुसायचं तर बसून. शेतात तेच, घरात तेच. उभ्यानं काम साह्येब लोक करत्यात असं वाटायचं. त्याला म्हणलं, शिकव की मला. तर समदी हसली."

तू लिहिलं होतंस, त्यांना ते खेळणं वाटलं. मीही वाचलं होतं आणि मीही तसंच समजून पुढे गेलो. तू त्यांची नोकरी वाचवायला निघालीस, मी तुझा शब्द वाचवायला निघालो, आणि दोघांनी मिळून पाच बायकांसाठी गालिच्याचा असा धागा शोधून काढला की ज्यामुळे त्यांना जन्मभर बसून राहावं लागेल. चाकांची चौकशी झाली. गुडघ्यांना चाकं नसतात म्हणून ते राहून गेले.

आता बघ, त्याच गालिच्यावर यंत्रही उत्तम चालतं. धाग्याची कसलीही आडकाठी नाही. आडकाठी आहे ती माझ्या सहीची. 'गरज नाही' असं मीच लिहून दिलं आहे.

आधी तू त्यांना विचार. सांगू नकोस, विचार.

अनंतकाका


हडपसर, ६ नोव्हेंबर

ती. स्व. काका,
शि. सा. नमस्कार.

दिवाळीला आले नाही. तोंड दाखवायला संकोच वाटला, खोटं कशाला बोलू.

विचारलं. पँट्रीत दोघीच होतो. म्हटलं, "मावशी, हे काम नको झालंय का तुम्हाला?"

"काम नको कसं? काम तर पायजेच. ह्ये बसून सरकायचं नको झालंय."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुमी इचारलं कुटं? तुमी म्हणला, मावशी, तुमची नोकरी जाऊ देणार न्हाय. येवढं ग्वाड बोलनाऱ्या माणसाला मधीच काय सांगायचं?" मग म्हणाल्या, "मशीन द्या, हितंच ऱ्हाते. न्हायतर नव्या वर्साला मी बी यार्डात चालले. राग मानू नका."

मी त्याच दिवशी सरांकडे गेले. त्यांनी तुमचं प्रमाणपत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. "तुझ्याच काकांनी लिहिलंय, गरज नाही. मग यंत्र कशाला?" मी म्हटलं, त्यांना त्रास होतो. ते म्हणाले, "नम्रता, मला समजतं. पण यंत्र आणायचंच असेल तर ती कंपनीच येऊ दे ना. त्यांची माणसं शिकलेली आहेत. आपण का शिकवत बसायचं?"

म्हणजे काका, तुमचं पत्र आहे तसं राहिलं तर द्वारकामावशी जातात, आणि नुसतं यंत्र हवं म्हटलं तरी जातात. मी कोंडीत आहे. तुम्हाला पत्र मागे घ्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही. सर वरच्या दोन मजल्यांचाही गालिचा तुमच्याकडूनच घ्यायचा विचार करतायत, तो तुमच्या त्या एका कागदावर विश्वास ठेवून. तो कागद तुम्ही स्वतःच खोटा म्हटलात तर काय होईल ते मला दिसतंय.

काय करू?

नम्रता


शनिवार पेठ, ११ नोव्हेंबर

चि. नम्रता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुला काही करायचं नाही. सोबतचा कागद तुझ्या सरांना दे. पाकीट उघडंच ठेवलं आहे, वाच आणि मग चिकटव. मजकूर असा:

"दि. १४ ऑगस्टच्या माझ्या पत्रात सदर गालिच्यास यंत्राची गरज नाही असे लिहिले होते. ते चुकीचे होते. ब्रश आणि फडक्याने वरचा कचरा निघतो. जोड्यांबरोबर आलेली बारीक वाळू फासांच्या मुळाशी राहते व धागा आतून कापत जाते. हे मला त्या वेळीही माहीत होते. गालिचा टिकवायचा असल्यास धूळ ओढणारे यंत्र रोज फिरवणे आवश्यक आहे. यंत्र कंपनीने स्वतः विकत घ्यावे. ते चालवण्यास विशेष शिक्षण लागत नाही. ज्यास चालता येते त्यास ते चालवता येते. सध्याच्या कर्मचाऱ्यांना मी स्वतः येऊन एका दुपारी दाखवून देईन."

शनिवार पेठेत 'मी चुकलो' असं कुणी लेखी दिल्याचं आजवर ऐकिवात नाही. उद्या पेठेतून मला काढलं तर हडपसरात जागा बघून ठेव. वरच्या मजल्यांची काळजी करू नकोस. ज्याला दुकानदाराचा खरा कागद आवडत नाही, त्याला खोट्या कागदावर माल विकण्यात मजा नाही. हे वाक्य मी आत्ता सुचलं म्हणून लिहिलं. दुपारपर्यंत मला वाईट वाटत होतं.

'चालता येते त्यास चालवता येते' हे मी ऐकीव लिहिलेलं नाही. ओळखीच्या दुकानातून एक यंत्र बघायला आणलं आणि तुझ्या आत्याच्या हातात दिलं. तिनं आमचं सगळं दुकान उभ्या उभ्या झाडलं, मग मागची खोली, मग जिना. थांबेचना. शेवटी दांडा हातात धरूनच म्हणाली, "हे बाजारात कधीपासून मिळतंय हो?" मी म्हटलं, बरीच वर्षं. "आणि तुमचं गालिच्यांचं दुकान कधीपासून आहे?"

ते यंत्र परत गेलेलं नाही.

अनंतकाका


हडपसर, ४ डिसेंबर

ती. स्व. काका,
शि. सा. नमस्कार.

तुम्ही येऊन गेलात त्याला दहा दिवस झाले. तुम्ही हडपसरला आलात यावर आमच्या ड्रायव्हरचा अजून विश्वास बसलेला नाही. सर्जेराव म्हणतो, काका रस्ताभर खिडकीतून बघत होते आणि एकदाच बोलले: "इथे माणसंही राहतात वाटतं."

सरांनी तुमचे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले होते, हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. मला म्हणाले, "तुझे काका नक्की कुणाच्या बाजूचे?" मी म्हटलं, "गालिच्याच्या." ते हसले नाहीत. यंत्र घ्यायला मात्र हो म्हणाले. पण एकच, आणि मार्चपर्यंत बघू म्हणून. तोवर जमलं तर या बायका राहतील, नाही तर ती कंपनी. वरच्या मजल्यांचं काम दुसऱ्या दुकानाला गेलं. तिथे नायलॉन बसतोय. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मी सांगावं म्हणून लिहिलं.

यंत्र एक आणि बायका चार. शेवंता कांदे सोडून परत आली, दुसरी नाही आली. मी पाळ्यांचा तक्ता करायला बसले तर द्वारकामावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या बाई. आमचं आमी बगू." त्यांनी कसं ठरवलं मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पण रोज कुणी ना कुणी उभी असते आणि बाकीच्या कोपरे घासत असतात, आणि जी उभी असते ती दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात असते.

मार्चमध्ये काय होईल सांगता येत नाही. वरच्या मजल्यावर त्या कंपनीची माणसं येतील, निळ्या टोप्या घालून, आणि सर दोन्ही मजले ताडून बघतील. द्वारकामावशींना हे मी सगळं सांगितलं, काही न लपवता. त्या म्हणाल्या, "बगू दे की. आमी बी त्येंचं बगू."

आज सकाळी मी लवकर आले होते. टेबलाशी बसून बिलं बघत होते, मान खाली. यंत्राचा आवाज जवळ आला आणि थांबला. मला वाटलं वायर अडकली. तसं काही नव्हतं. माझ्या खुर्चीशेजारी द्वारकामावशी दांडा धरून उभ्या होत्या. आजवर त्यांच्याशी बोलताना मी नेहमी खाली बघत आले; आज मान वर करावी लागली.

त्या म्हणाल्या, "बाई, पाय वर घ्या."

मी घेतले.

नम्रता